"आपला माणूसच राहिला नाही, आता मत कोणाला देऊ?"

या जानेवारीत हे एकच वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी लिहायला बसले. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मधे संपली, मग जवळजवळ चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते, त्यामुळे 15 जानेवारी 2026 च्या मतदानाची लोक खरंच वाट बघत होते. आणि 2 तारखेला अर्ज मागे घ्यायची मुदत संपली तेव्हा कितीतरी जणांचा उमेदवार यादीतून गायब. कुठे युती, कुठे वरून फोन, कुठे घरचं काहीतरी.

त्यातली एकीची गोष्ट सांगते, मीनल म्हणू तिला (नाव आणि घरचे तपशील बदललेत, लिहायची परवानगी तिने दिलीये). चाळिशीची, सिंहगड रोडला राहते, घरी ड्रेस शिवते. 2025 च्या जानेवारीत तिकडे जीबीएसची (नसांवर परिणाम होऊन हातापायातली ताकद जाते तो आजार) साथ आली, नांदेड, किरकटवाडी, धायरी सगळीकडे पाण्याची धास्ती, तेव्हापासून ती पाण्याच्या प्रश्नात पडली आणि त्यातूनच एका उमेदवाराच्या प्रचाराला लागली. सगळे दादा म्हणायचे त्यांना. दोन महिने रोज संध्याकाळी मशीन बंद करून घरोघर फिरली. दादांनी अर्ज मागे घेतला हे तिला कळलं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर.

मी समुपदेशन करते, माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. पहिल्या वेळी नुसती रडली, मी रडू दिलं. घरचे म्हणत होते, एवढं काय, नगरसेवकाचीच तर निवडणूक! कोणाच्या घरी माणूस गेला की शेजारीपाजारी पिठलं-भात घेऊन येतात, पण असल्या दुःखाला कोणी विचारायलाही येत नाही, आणि म्हणूनच ते आत साचतं. तुमच्या घरात असं कोणी असेल तर कृपा करून "एवढं काय" म्हणू नका.

मी मानसोपचाराच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली. त्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते एवढंच की इच्छा असू द्यावी, तिचा हट्ट झाला की माणूस अडकतो. "दादा निवडून यावेत" ही इच्छा. "दादा नाहीत तर काहीच नाही" हा हट्ट. पण हे असं थेट सांगून कोणाला पटत नाही, बावीस वर्षांत एवढं तर शिकलेय.

म्हणून तिला विचारलं, "मतदानाच्या मशीनवर बटणं किती दाबायचीत तुला?"

"चार."

"आणि दादा किती जागांवर उभे होते?"

"एकाच." मग जरा थांबून म्हणाली, "ताई, बाकीच्या तीन जागांवर कोण आहे ते मी बघितलंच नाही हो."

पुण्यात 165 नगरसेवक आणि 41 प्रभाग, बहुतेक ठिकाणी चार जणांचा एक प्रभाग, म्हणजे प्रत्येकाला चार मतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, दुःखात चारातलं एकच दिसत होतं. तरी डोक्याला पटलं, पोटात नाही उतरलं.

पुढच्या वेळी तिला प्रचाराचं जे काही घरात असेल ते आणायला सांगितलं. पिशवीत पत्रकं होती, मतदार याद्या होत्या आणि एक दोनशेपानी वही. "फेकूनच द्यायचीये," म्हणाली. मी म्हटलं, फेक, पण आधी वाचून दाखव.

"बी विंग, 302, आजोबा, गुडघे, बूथपर्यंत रिक्षा लागेल. मागची चाळ, तिसरी खोली, पाणी रात्री दीडला येतं, सून झोपत नाही. टँकर कुठे भरतात ते विचारणे." अशी पानंच्या पानं.

"यात दादा कुठेत?"

तिने चार-पाच पानं उलटली. "दादा नव्हतेच ना बरोबर. मी आणि शेजारची, दोघीच फिरायचो."

"मग रात्री दीडचं त्या सुनेने सांगितलं कोणाला?"

ती बराच वेळ बोलली नाही. वहीचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने दाबून सरळ करत राहिली, शिवण बसवावी तसा. मग एकच शब्द बोलली. "मला."

आणि लगेच, "अगं बाई, टँकरचं तर विचारलंच नाही अजून!"

हा क्षण मी विसरणार नाही. मी स्वतः इतकी वर्षं अशा लोकांना दुसरा उमेदवार शोधायला सांगायचे, आणि ते जमायचं नाही, कारण माणसाच्या जागी माणूस असा बसत नाही. त्या दिवसापासून मी विचारते, त्या दिवसांत लोकांनी *तुम्हाला* काय सांगितलं?

तुमचंही असं झालं असेल तर आठ दिवस कुठलाच निर्णय घेऊ नका, ग्रुप म्यूट करा पण सोडू नका. उमेदवारावर राग असेल तर एकदा समोर जाऊन कारण विचारा, उत्तर पटलं नाही तरी मनात स्वतःच कारणं रचत बसणं थांबतं. उरलेल्यांत "आपला माणूस" शोधू नका, आपला प्रश्न घेऊन जा, सगळ्यांना तोच प्रश्न, उत्तर तारखेसकट लिहून ठेवा. एखाद्या जागेवर कोणीच पटत नसेल तर त्या जागेपुरता नोटा ("यापैकी कोणीही नाही" हे बटण) आहे, त्यासाठी बाकीची मतं वाया घालवायची गरज नाही. आणि निकालानंतरही दारं उघडीच असतात, 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो, क्षेत्रीय कार्यालय आहे. फक्त एकच प्रश्न धरा आणि आठवड्याचे दोनच तास द्या. सगळं अंगावर घेणारे सहा महिन्यांत थकून बसलेले मी बघितलेत.

मीनलने तीन जागांना मत दिलं, चौथ्याला नोटा. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही. 302 च्या आजोबांना तिनेच रिक्षाने बूथवर नेलं आणि परत आणलं. मग तिचा फोन आला, टँकर भरतात तिथल्या पाण्याची तपासणी केव्हा केव्हा झाली याची माहिती मागितलीये, अर्जाची पोच मिळाली. ती पोच वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून खाली 30 दिवस मोजायला रेघा मारल्यात.