बटण बंद-चालू करण्यात कसलं करिअर?

प्रश्न: मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी सीजीपीए 8.4 होता, आता 7.1 वर आलाय. रात्र रात्र लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, डोकं घालून बसते. प्रकल्पही तसलाच घेतलाय: उपकरणांना कमी विजेच्या अवस्थेत नेणारा कर्नलमधला इंटरफेस. बटण बंद-चालू करण्यात कसलं करिअर? शिवाय लिनक्स फुकट मिळतं, तिथे पगार कोण देणार? आम्ही तिच्यासाठी डेटा सायन्सच्या कोर्सची फी भरून टाकली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही तिची समजूत काढाल का? गुणपत्रिका आणि तिच्या प्रकल्पाची दोन पानं सोबत जोडली आहेत.
– एक पालक

उत्तर: नाही, समजूत काढणार नाही. समजावणं, पटवणं हे निर्णयाच्या आधी असतं. तुम्ही तर फी भरून मोकळे झालात. आता वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला आपल्या पुढच्या वर्षाचा बेत पावतीवरून कळणार, आणि तोही माझ्यासारख्या परक्या माणसाच्या तोंडून. 7.1 मुळे माझी झोप उडणार नाही. ‘तिला अजून सांगितलेलं नाही’ या वाक्याशी मात्र मी अडलो आणि पत्राचा उरलेला भाग मला दुसऱ्यांदा वाचावा लागला.

ती रात्री काय करते हे तुम्ही लिहिलंय. का करते, याबद्दल एक ओळ नाही. तुम्ही विचारलंच नसावं असा माझा अंदाज आहे. आज विचारा. ‘हे नेमकं काय आहे, मला दाखव’ एवढंच म्हणा आणि मध्ये न बोलता ऐका. कळलं नाही तरी चालेल. मग फीचं सांगा, काहीही न लपवता. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपला. पैसे बुडाले तर ते तुमच्या घाईचे बुडाले, तिच्या नावावर मांडू नका. ‘एवढे पैसे भरलेत’ या एका वाक्यापायी नको त्या वर्गात बसलेली मुलं मी पाहत आलोय. त्यांचे मार्क वाढलेले मला तरी दिसले नाहीत.

आता तुमच्या बटणाकडे येऊ. उपकरणाला चालू आणि बंद अशा दोनच अवस्था असत्या तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. 1996 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेलं एसीपीआय हे संगणकातल्या वीज-व्यवस्थापनाचं मानक उपकरणाच्या अवस्था डी-0 (पूर्ण चालू) ते डी-3 (सर्वांत गाढ झोप) अशा मांडतं. त्यात डी-3 चेही दोन प्रकार आहेत. ‘हॉट’मध्ये वीज टिकून असते आणि उपकरण हाकेला ओ देऊ शकतं, ‘कोल्ड’मध्ये वीजच तोडलेली असते. झोप जितकी गाढ तितकी बचत जास्त, पण जागं व्हायला वेळही जास्त. शिवाय झोपण्या-उठण्यातही वीज जातेच, त्यामुळे क्षणभराच्या सवडीसाठी गाढ झोपवलेलं उपकरण उलट जास्त वीज खातं. मग झोप कधी आणि किती, हे ठरवायचं कोणी? लिनक्सनं 2009 मध्ये 2.6.32 या आवृत्तीत त्यासाठी रनटाइम पीएम (पॉवर मॅनेजमेंट) ही चौकट आणली; राफाएल विसोत्स्की यांचं हे काम. ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, कामाला लागताना ‘उपकरण हवंय’ म्हणतो, संपल्यावर ‘झालं’ म्हणतो, आणि कर्नल मोजणी ठेवतो. मोजणी शून्यावर आली की उपकरण झोपवता येतं. ते ज्या कंट्रोलरला जोडलंय, तो मात्र खालचं उपकरण जागं असेपर्यंत सहसा झोपू शकत नाही.

यात चूक कुठे होईल असं वाटतं ना? उपकरण उठवणारं पीएम रनटाइम गेट सिंक नावाचं एक फंक्शन आहे. उपकरण उठलं नाही तरी ते मोजणी एकनं वाढवूनच परततं. एरर आली म्हटल्यावर ड्रायव्हर लिहिणारा सरळ बाहेर पडतो, मोजणी उतरवायची राहून जाते आणि शून्य काही पुन्हा येत नाही. अनेक ड्रायव्हरमध्ये हीच चूक सापडली. फंक्शनच बदलावं, तर जे ड्रायव्हर त्याच्या आहे त्या वागण्यावर विसंबून बरोबर लिहिलेत ते बिघडणार. शेवटी 2020 मध्ये त्याच्याशेजारी दुसरं फंक्शन आणलं, जे अपयश आल्यावर मोजणी स्वतःच मागे घेतं. अपयशाच्या वेळी मोजणीचं काय करायचं, एवढ्या एका प्रश्नानं 11 वर्षं पिच्छा पुरवला. तुमची मुलगी जागते ती असल्या प्रश्नांवर.

लिनक्स फुकट असतं ते वापरणाऱ्याला. कर्नल लिहिणारे बहुतेक लोक पगारी असतात. चिप, फोन आणि सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्या त्यांना त्यासाठीच नेमतात. जागा मोजक्या आहेत हे खरं, आणि पहिल्या नोकरीत थेट कर्नल क्वचितच मिळतं. फर्मवेअर किंवा एम्बेडेडमधून (उपकरणाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामातून) तिकडे सरकावं लागतं. पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यायची तर खुशाल द्यावी, ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यास तिथे वाया जात नाही.

पुढचं तिच्यासाठी आहे, तिला वाचायला द्या.

तुझी दोन पानं वाचली. (तुला न विचारता पाठवली असतील तर वडिलांवर जरूर रागव.) प्रत्येक उपकरणाला एक फाइल, वापरणारा तिच्यात 0 ते 3 लिहिणार आणि ड्रायव्हर ती अवस्था गाठणार, अशी तुझी रचना आहे. ही वाट आधी चालून झाली आहे. सिसएफएसमध्ये (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात मांडतो तिथे) पूर्वी ‘पॉवर/स्टेट’ अशीच फाइल होती, ती काढून टाकली. हे आकडे पीसीआय या जोडणीच्या जगातले. आयटूसी या वेगळ्या जोडणीवरच्या एखाद्या सेन्सरला 2 म्हणजे काय? ड्रायव्हर डेटा हलवत असताना कोणी 3 लिहिलं तर काय होईल? आज तिथे ‘कंट्रोल’ फाइल आहे आणि तिच्यात ‘ऑन’ किंवा ‘ऑटो’ एवढंच लिहिता येतं. वापरणारा फक्त परवानगी देतो, झोपेचं ड्रायव्हर आणि बस (उपकरण जिला जोडलंय ती जोडणी) बघून घेतात. तीही परवानगी सरसकट नसते. यूएसबीमध्ये हब सोडले तर बाकीच्या उपकरणांना कर्नल सहसा आपणहून झोपू देत नाही, कारण झोपल्यावर नीट न उठणारी उपकरणं फार आहेत. शिवाय उठायला किती वेळ चालेल, हे सांगायची सोय तुझ्या रचनेत कुठेच नाही. त्यासाठी असलेलं पीएम क्यूओएस तू पाहिलेलं दिसत नाही.

म्हणून नवा इंटरफेस सध्या बाजूला ठेव. रनटाइम पीएम नसलेला किंवा अर्धवट असलेला एक ड्रायव्हर शोध. उपकरण हातात असावं, केवळ क्यूईएमयूवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नकलेवर, भागवू नकोस. ‘रनटाइम सस्पेंडेड टाइम’ या फाइलीत उपकरण किती मिलिसेकंद झोपलं ते दिसतं, पण ते कर्नलचं म्हणणं झालं. प्रत्यक्ष वीज किती कमी झाली ते मीटर लावून बघ. दोन्हींत मेळ बसला नाही, तर तुझा खरा प्रकल्प तिथून सुरू होईल.

गुणपत्रिकेत डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये तू जेमतेम काठावर आहेस. बाकी मार्कांबद्दल मी काही म्हणणार नाही, पण हे चालायचं नाही. वीज देणारा रेग्युलेटर आधी की क्लॉक, रीसेट कधी सोडायचा, हे डेटाशीटवरून काढता आलं नाही तर ड्रायव्हरमध्ये नुसती चाचपडत राहशील. तो विषय पुन्हा कर, परीक्षा नसली तरी. मार्गदर्शक प्रकल्पाचं शीर्षक बदलू देत नसतील तर शीर्षक राहू दे. अहवालात 0 ते 3 ची रचना का टिकत नाही यावर एक प्रकरण लिही आणि पुढच्या प्रकरणांत ड्रायव्हरचं काम मांड.