वाचकांचे प्रश्न : डीव्हीआर संस्थेचा, पण ताबा कुणाचा?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत आठ कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारा एक डीव्हीआर आहे. बसवून देणाऱ्याने अध्यक्षांच्या मोबाइलवर ॲप टाकून दिले आहे. डीव्हीआर आणि कॅशियरचा संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत. यात धोका आहे का?
– व्यवस्थापक, सातारा जिल्हा

उत्तर : धोका आहे. आधी ॲप तपासा, राउटर नंतर. अशा ॲपमध्ये डीव्हीआर एका मूळ खात्याशी जोडलेला असतो आणि बाकीच्यांना तो फक्त 'शेअर' केलेला असतो. बसवणारा बहुतेक वेळा स्वतःच्या मोबाइल नंबरवर नोंदणी करतो आणि अध्यक्षांना शेअर करून देतो. म्हणजे डीव्हीआर तुमच्या कपाटात असला तरी ताबा त्याच्याकडेच राहतो. शेअर मिळालेल्या खात्यातून मूळ खाते काढता येत नाही. त्याला समोर बसवून त्याच्या ॲपमधून डीव्हीआर काढायला लावा. तो सापडत नसेल तर खरेदीचे बिल आणि डीव्हीआरवरचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी मागणी करा. नवी नोंदणी संस्थेच्या नंबरवर आणि संस्थेच्या ईमेलवर करा. कुणा संचालकाच्या वैयक्तिक नंबरवर नको.

मग डीव्हीआरला मॉनिटर-माउस लावून 'यूजर' विभागात जा. ॲडमिनचा पासवर्ड बदला, अनोळखी नावे काढून टाका आणि अध्यक्षांच्या मोबाइलसाठी फक्त चित्र पाहता येईल एवढ्याच अधिकाराचा वेगळा यूजर तयार करा. कॅमेरे आयपी प्रकारचे, म्हणजे नेटवर्कवरून एनव्हीआर या चित्रण साठवणाऱ्या यंत्राला जोडलेले असतील तर प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा पासवर्ड असतो. तो बदलला की एनव्हीआरवर ते चित्र बंद पडते. घाबरून जुना पासवर्ड परत ठेवू नका. एनव्हीआरच्या चॅनेल सेटिंगमध्ये नवा भरा.

आता राउटर. 'पोर्ट फॉरवर्डिंग'च्या, म्हणजे बाहेरून आतल्या यंत्रापर्यंत येणाऱ्या दारांच्या यादीत ८०, ५५४, ८००० किंवा ३७७७७ असे आकडे डीव्हीआरच्या पत्त्यासमोर दिसले तर त्या नोंदी पुसा. यूपीएनपी, म्हणजे यंत्रांना राउटरवर आपोआप दार उघडू देणारी सोय, राउटरवर आणि डीव्हीआरवर, दोन्हीकडे बंद करा. राउटरवर ते चालू राहिले तर पुसलेली दारे डीव्हीआर स्वतःच पुन्हा उघडून घेऊ शकतो. मोबाइलवर चित्र पाहण्याची गरजच नसेल तर पी-टू-पी किंवा क्लाउड हा पर्यायही बंद करा. त्यात डीव्हीआर आतून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो, म्हणून सगळे पोर्ट बंद असले तरी तो बाहेरून दिसू शकतो.

पैसे नसलेला डीव्हीआर चोराला कशाला हवा, असे संचालक विचारतील. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या साठेक यूजरनाव-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे बंद पडली. शिवाय तुमच्याकडे डीव्हीआरच्या शेजारीच कॅशियरचा संगणक आहे.

म्हणून दोन्ही वेगळे करा. राउटरचे गेस्ट नेटवर्क इथे सहसा उपयोगी पडत नाही, कारण साध्या राउटरवर ते वायफायपुरते असते आणि डीव्हीआर वायरने जोडलेला असतो. उत्तम उपाय म्हणजे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे एकमेकांपासून वेगळे भाग) करता येणारा राउटर आणि स्विच. तेवढे बजेट नसेल तर कॅमेऱ्यांसाठी वेगळे इंटरनेट कनेक्शन घ्या. दोन राउटर एकामागे एक लावायचे झाले तर डीव्हीआर पहिल्या राउटरला आणि संगणक आतल्या, दुसऱ्या राउटरला लावा. अनेक ठिकाणी नेमके उलटे केलेले असते; मग आतल्या डीव्हीआरमधून बाहेरच्या संगणकांपर्यंत सहज पोहोचता येते.

प्रश्न : आमच्या प्रसूतिगृहात तपासणीच्या खोलीत सुरक्षेसाठी कॅमेरा आहे. 'प्रायव्हसी मास्क' लावला तर चालेल का?
– डॉक्टर, सोलापूर

उत्तर : नाही. कॅमेरा काढा. मास्क ही चित्राचा काही भाग झाकणारी केवळ एक सेटिंग आहे. ॲडमिनचा पासवर्ड ज्याच्या हाती, तो एका क्लिकवर ती हटवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांच्या तपासणीचे चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर गेल्याचे उघड झाले. त्यात लातूर आणि सांगलीतूनही अटक झाली. त्या महिलांचे चित्रण आता कुठे कुठे साठवले गेले असेल, ते कुणालाच पूर्ण पुसता येणार नाही. कॅमेरे प्रवेशद्वार, औषधांचा काउंटर, नवजात कक्षाचा बाहेरचा दरवाजा इथे ठेवा. आवाज मुद्रित होत असेल तर तोही बंद करा. काउंटरवर रुग्ण आजाराबद्दल बोलतात.

प्रश्न : शाळेतले बोटांच्या ठशाचे हजेरी यंत्र दुरुस्तीला द्यायचे आहे. काय काळजी घ्यावी?
– लिपिक, नाशिक

उत्तर : हजेरी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, मग 'डिलीट ऑल डेटा' करा. 'फॅक्टरी रीसेट'वर विसंबू नका; कित्येक यंत्रांत त्याने फक्त सेटिंग मूळ पदावर येते, माणसे आणि ठसे तसेच राहतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. यंत्र परत आले की सर्वांत आधी एक ॲडमिन नोंदवा. ॲडमिन नसेल तर अनेक यंत्रांत मेनूचे बटण दाबणारा कुणीही आत शिरतो आणि हजेरीही बदलू शकतो. झेडकेटेको या कंपनीच्या पद्धतीची यंत्रे ४३७० या पोर्टवर बोलतात आणि त्यांची 'कॉम की', म्हणजे सॉफ्टवेअरला यंत्राशी जोडणारा सांकेतिक आकडा, मुळात शून्य असते. ती बदला आणि तोच आकडा हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्येही भरा, नाहीतर हजेरी उतरणार नाही.

प्रश्न : कॅमेऱ्यात कुणी शिरल्याचा संशय आला तर डीव्हीआर लगेच बंद करावा का?
– सुरक्षा अधिकारी, पिंपरी

उत्तर : नेटवर्कची वायर काढा, वीज तोडू नका. मिराईसारखे प्रोग्राम फक्त मेमरीत राहतात. वीज गेली की ते पुसले जातात आणि पुरावाही जातो. पासवर्ड तोच ठेवून पुन्हा इंटरनेटला जोडले तर काही मिनिटांत तीच लागण होऊ शकते. डीव्हीआरचे घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक लिहून ठेवा, पडद्याचा फोटो घ्या, लॉग आणि चित्रण नव्या पेन ड्राइव्हवर उतरवा. उतरवलेल्या फाइलचे हॅश मूल्य (फाइल नंतर बदलली का ते दाखवणारा आकडा) तेव्हाच काढा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ते द्यावे लागते. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आणि जवळचे सायबर पोलीस ठाणे आहेच. त्याशिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायची असते. म्हणून कोण कळवणार त्याचे नाव आणि मोबाइल नंबर आजच सुरक्षा केबिनच्या भिंतीवर लावा.