जंताचं औषध पाजूनही शेळ्या खंगतात

प्रश्न : डॉक्टर, माझ्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. दर दोन महिन्यांनी अल्बेंडाझोल पाजतो. तरी या पावसाळ्यात काहींच्या जबड्याखाली पाणी उतरलं. दुकानदार म्हणतो, जंतांमधली एन्झाइम वाढलीत, डोस डबल करा. करू का?
– एक शेळीपालक, सांगोला

उत्तर : दादा, घाई करू नका. आधी शेळीची खालची पापणी उलटून बघा. आतून पांढरीफटक दिसली, तर रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताचाच संशय घ्या. त्याची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. औषधातून वाचलेले थोडे जंतही कुरण भरून टाकतात.

दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही. चिवट जंतांमधली काही एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, अल्बेंडाझोलला साखरेचा रेणू जोडून ते निकामी करतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. पण मुख्य कारण दुसरं. हे औषध जंताच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला धरतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या मण्यांची माळ; त्यातला २०० व्या जागेचा एक मणी बदलला, की पकडच बसत नाही. मग डोस वाढवून काय साधणार? अल्बेंडाझोलच्याच गटातलं थायबेंडाझोल हे औषध १९६१ साली आलं आणि १९६४ सालीच त्याला दाद न देणारा हिमॉन्कस अमेरिकेतल्या मेंढ्यांत सापडला.

मला जास्त काळजी शेळीच्या यकृतातल्या एन्झाइमची वाटते. मेंढीपेक्षा शेळी हे औषध लवकर पचवून बाहेर टाकते. मेंढीच्या मापाने पाजलं, त्यातून वजन नजरेनेच ठरवलं, तर अपुऱ्या औषधात तगणारे जंत आपणच निवडून वाढवतो. म्हणून वजनकाटा वापरा आणि शेळीचा डोस डॉक्टरांकडूनच घ्या.

औषधाच्या दिवशी आणि चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या तपासून घ्या. लेंड्यांतली जंतांची अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर औषध लागू पडत नाही असं समजा. मग फेनबेंडाझोल आणू नका, ते त्याच घराण्यातलं. लेव्हामिसोल किंवा क्लोसँटेल वेगळ्या गटातली आहेत, पण लेव्हामिसोल थोडं जास्त झालं तरी शेळीला विषबाधा होते, तेव्हा अंदाजाने पाजू नका.

धडधाकट, लाल पापणीच्या शेळ्यांना सरसकट पाजणं बंद करा. त्यांच्यातले औषध न लागलेले जंत कुरणात राहिले, तर चिवटांचं एकट्याचं राज्य होत नाही. आणि नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळ्यांना अल्बेंडाझोल देऊच नका, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं.