सडबरीत शिकारीला जाणार असाल तर: गाडीतली रायफल आणि कायदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाचं पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) झालंय, मे महिन्यात ओंटारियो प्रांतातल्या सडबरीला नोकरीवर रुजू होताय, आणि नव्या ऑफिसातल्या एकाने ‘ऑक्टोबरात मूसच्या (तिथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला चल’ असं आत्ताच सांगून ठेवलंय. बंदुकीचा परवाना कसा काढायचा ते तुम्ही वाचलंय, पण गाडीतून रायफल नेताना काय चालतं, काय नाही, ते हवंय.

परवान्याचं आधी उरकतो. सुरक्षेचा कोर्स, दोन रेफरन्स, सोबत राहणाऱ्या जोडीदाराला अर्जाची माहिती, पहिल्यांदा काढताना किमान २८ दिवसांची थांब. या परवान्याच्या कार्डाला सगळे ‘पाल’ (पझेशन अँड अ‍ॅक्विझिशन लायसन्स) म्हणतात, पाच वर्षं चालतं. शिकारीचा कोर्स आणि शिकारीसाठी लागणारं आउटडोअर्स कार्ड वेगळं, ते ओंटारियो सरकारचं. पिस्तुलाचा विचार मनातून काढून टाका. ऑक्टोबर २०२२ पासून त्याची खरेदी-विक्री गोठवलेली आहे, आणि मूसला पिस्तूल लागतही नाही.

आता गाडी. शिकारीच्या साध्या रायफली आणि शॉटगन ‘नॉन-रिस्ट्रिक्टेड’ म्हणजे कमी निर्बंधांच्या गटात येतात. त्यांच्यासाठी केंद्राचा मूळ नियम अगदी लहान आहे: प्रवासात बंदूक रिकामी हवी. तुम्ही गाडीत असताना कुलूप, पेटी, ट्रिगर लॉक यांची सक्ती नाही. गोळ्या वेगळ्या डब्यात ठेवा असंही कायदा म्हणत नाही, ठेवल्यात तर उत्तमच.

पण ‘रिकामी’ म्हणजे काय, इथे नवे लोक फसतात. चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) मोकळं आहे म्हणजे झालं, असं नाही. बंदुकीला लावलेल्या मॅगझिनमध्ये (गोळ्यांच्या कप्प्यात) एक गोळी जरी असली तरी ती भरलेलीच. माझ्या पहिल्याच सीझनला संध्याकाळी जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर कॉन्झर्वेशन ऑफिसरने (शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) आमचा ट्रक थांबवला. बाई शांत होत्या. रायफल हातात घेतली, बोल्ट मागे ओढला, टॉर्चने चेंबरमध्ये पाहिलं, मग करंगळी आत घालून चाचपलं, आणि शेवटी रायफल उलटी करून मॅगझिनची जागा तपासली. माझं मॅगझिन कोटाच्या खिशात होतं. मित्राचं रायफलीतच होतं, पण रिकामं. तरी त्यांनी ते काढायला लावून नीट पाहिलं. तेव्हापासून मी ट्रकपाशी पोचलो की दार उघडायच्या आधी मॅगझिन काढतो. ‘गाडीत’ यात ‘गाडीवर’ही आलं बरं का. भरलेली रायफल बॉनेटवर ठेवून हातमोजे घालत बसू नका. एटीव्ही (जंगलात चालवायची उघडी चारचाकी) आणि स्नोमोबिल (बर्फावरची गाडी) हीसुद्धा वाहनंच.

ओंटारियोचा आणखी एक नियम अंधाराचा आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, जिथे जनावरं असतात त्या भागात किंवा तिथे जाता-येताना, रायफल रिकामी हवीच, शिवाय पिशवीत किंवा पेटीत बंद हवी. ऑक्टोबरच्या मध्यावर सडबरीत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. म्हणजे परतीचा बहुतेक प्रवास याच वेळेत पडणार. साधी झिपची गनकेस पुरते. ती आठवणीने बरोबर घ्या.

लोकांना सर्वांत जास्त गोत्यात आणणारी वेळ मात्र गाडी चालवतानाची नसते. ती कॉफी घ्यायला थांबल्यावरची असते. गाडी सोडून उतरलात, मागे कोणी नाही, की नियम बदलतो. डिकी असेल तर रायफल डिकीत आणि डिकीला कुलूप. डिकी नसेल, म्हणजे पिकअपसारखी गाडी असेल, तर ती बाहेरून दिसता कामा नये आणि गाडी लॉक हवी. मागच्या सीटवर जॅकेट टाकून दोन मिनिटांत येतो म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. नळीचं टोक जॅकेटाखालून डोकावत असतं. आमच्यात पाळीच लावलेली आहे: एक जण आत जातो, एक जण ट्रकमध्ये बसतो. मला थंडीत बसायचा कंटाळा येतो, पण पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, म्हणून बसतो.

आता तुमच्यासाठी खास मुद्दा, कारण पहिल्या ऑक्टोबरात तुमच्याकडे पाल असेलच असं नाही. इथल्या दंडसंहितेचं कलम ९४ गाडीत बसलेल्या प्रत्येकाला लागू होतं. गाडीत बंदूक आहे हे माहीत असून बसलात, आणि गाडीत कुणाकडेच परवाना नाही, तर गुन्हा तुमचाही. मित्राकडे वैध परवाना असेल तर शेजारी बसायला हरकत नाही. गोची अशी होते: मित्र म्हणतो, ‘मला घरी सोड, ट्रक घेऊन जा, उद्या आणून दे.’ रायफल मागेच राहते. त्या क्षणी गाडीत परवानाधारक कुणी नाही. शहरात पाच किलोमीटर असले तरी नाही म्हणा, किंवा त्याला रायफल घरात न्यायला लावा.

या कलमाला कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात हा आकडा महत्त्वाचा ठरतो. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं किंवा जास्त, त्यात दोषी ठरलात तर पीआर धोक्यात येतं, मग प्रत्यक्षात दंडावर सुटला असलात तरी. नागरिक असलेला तुमचा मित्र दंड भरून मोकळा होईल. तुम्हाला वकील शोधावा लागेल. त्याला हे सहसा ठाऊकच नसतं, म्हणून तो तुम्हाला सांगणारही नाही.

प्रांत ओलांडणार असाल तर क्युबेकमध्ये रायफलींचीही वेगळी नोंदणी आहे, हे लक्षात असू द्या. पश्चिमेला बॅन्फ, जॅस्परमधून रस्ता जातो तिथे राष्ट्रीय उद्यानाचा नियम लागतो: रिकामी आणि पेटीत किंवा गुंडाळून बांधलेली, दिवसाही. अमेरिकेत नेण्याची कल्पना पहिल्या वर्षी करूच नका, त्याला त्यांचा आगाऊ परवाना लागतो.

कुणी गाडी थांबवली तर इंजिन बंद करा, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि स्वतःहून सांगा की मागे रायफल आहे, रिकामी आहे, केसमध्ये आहे. ती दाखवायला म्हणून मागे वळू नका. त्यांना हवी असेल तर ते स्वतः काढतील. कार्ड मात्र पाकिटात हवं, फोनमधला फोटो नव्हे.