दोन्ही बाजू वाजल्या पाहिजेत

नव्वदच्या दशकातले सर्वोत्तम हिट अल्बम कोणते, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. भरपूर पत्रं आली, त्यातली काही इथे घेतली आहेत. माझी ओळख एवढीच, की नाशिकला मेनरोडवर आमचं कॅसेटचं दुकान होतं आणि ते सगळं दशक माझे दीर आणि मी काउंटरवर काढलं.

ताई, आम्ही मित्र रविवारी सकाळी गंगापूर रोडला फिरायला जातो आणि नंतर चहाला बसतो. तिथे ठरलेलं भांडण होतं. एकजण 'आशिकी'वरून हटत नाही, दुसऱ्याला 'हम आपके हैं कौन' सोडून काही दिसत नाही आणि मी 'रोजा'चा. नव्वदच्या दशकातला सर्वांत चांगला हिट अल्बम कोणता, ते एकदा सांगून टाका.
*– एक वाचक, नाशिक*

सांगते, पण आधी मोजायचं कशानं ते ठरवू. काउंटरमागून मला एक गोष्ट स्पष्ट दिसायची. तीच कॅसेट त्याच घरातून दुसऱ्यांदा कोण मागायला येतंय? पहिली कॅसेट लोक हवेवर नेतात. सिनेमा लागलेला असतो, 'चित्रहार'मध्ये गाणं पाहिलेलं असतं, शालिमारला रिक्षात ऐकलेलं असतं. दुसरी मात्र पहिली वाजवून वाजवून संपली म्हणूनच नेतात. अशा संपलेल्या कॅसेट लोक दाखवायला आणायचे, तेव्हा मी त्या उघडून बघायची. एकाच ठिकाणी टेप चुरगळलेली असली, तर त्या घराला एकच गाणं हवं होतं, बाकीचं सगळं फॉरवर्ड. दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या असल्या, तर त्याला मी अल्बम म्हणते.

या मापानं 'आशिकी' बघा. १९९० साली ती आली आणि कॅसेटचा धंदाच बदलला. आमच्याकडे कधी न फिरकलेली माणसं पहिल्यांदा कॅसेट घ्यायला आली ती 'आशिकी'साठी. टी-सीरीजनं भाव खाली आणला होता, माल पानटपरीपासून किराणा दुकानापर्यंत पोहोचवला होता आणि गाणी कुणालाही गुणगुणता येतील अशी होती. हिट म्हणून तिच्याइतकी मोठी कॅसेट त्या दशकात आली नाही, इथे तुमचे मित्र बरोबर आहेत. पण सलग ऐकताना दुसऱ्या बाजूला पोहोचेपर्यंत तोच ठेका, त्याच वळणाचे मुखडे आणि बहुतेक वेळ त्याच दोन आवाजांचा पट्टा. लोक आवडीचं गाणं लावून पुन्हा मागे नेत. टेप चुरगळलेली असायची.

'हम आपके हैं कौन' १९९४ चा. चौदा गाणी, संगीत रामलक्ष्मण यांचं. रामलक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांपासून सुरुवात केलेला माणूस. जोडीतले 'राम' सुरेंद्र लवकर गेले, तरी पाटलांनी दोघांचं नाव शेवटपर्यंत चालवलं. मला याचं फार मोल वाटतं. ही कॅसेट दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा खपली हे खरं, पण नेणारे निम्मे लग्नाच्या शूटिंगवाले होते. हळदीला हे, मेंदीला ते, करवल्यांच्या घोळक्यावर तिसरं, अशी ती गाणी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर चढवली जात. बँडवाल्यांनाही ती बसवायची असत. म्हणजे कॅसेट झिजली ती कामानं. तिच्यातली लताबाई आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांची गाणी मी आजही आवडीनं ऐकते. पण चौदा गाणी एका बैठकीत ऐकणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही.

'रोजा'बद्दल तुमचं मन मोडतेय. चाली अप्रतिमच आहेत, त्या आवाजानं आमच्या दुकानातले स्पीकरही नवे वाटायला लागले होते. पण त्या १९९२ च्या तमिळ चित्रपटासाठी बांधलेल्या चाली. हिंदी शब्द मागून बसवले आणि ते बसवलेले कळतात. मूळ तमिळ कॅसेट मिळाली तर ऐका. भाषा कळत नसली तरी शब्द आणि सूर एकमेकांत कसे मुरलेत ते ऐकू येतं.

माझं मत 'रंगीला'ला, १९९५. 'रोजा'च्याच ए. आर. रहमाननं मुळात हिंदीसाठीच केलेला पहिला चित्रपट. गाणी मोजकी, पण प्रत्येकाचा घाट निराळा. साठी ओलांडलेल्या आशाबाई त्यात उर्मिलासाठी गातात आणि कुठेही वय ऐकू येत नाही. हरिहरन आणि स्वर्णलता एका गाण्यात आग लावतात, आणि त्याच कॅसेटवर सुरेश वाडकर आणि कविता कृष्णमूर्ती इतकं शांत गातात की टेपचा आवाज वाढवावासा वाटतो. कॉलेज रोडच्या पोरांनी ती नेली आणि त्यांच्या आयांनीही नेली. परत आलेल्या कॅसेट दोन्ही बाजूंनी सारख्या घासलेल्या होत्या. आता मित्रांना सांगा आणि भांडा.

माझे बाबा गाडीत कायम नदीम-श्रवण लावतात. मला सगळी गाणी एकच वाटतात. त्या काळात लोकांना खरंच हे इतकं आवडायचं, की दुसरं काही मिळतच नव्हतं?
*– अकरावीतली वाचक, सिडको*

खरंच आवडायचं, बाळा. आधीची काही वर्षं आठव, म्हणजे बाबांना विचार. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सिनेमात मारामारी फार आणि गाणी कशीबशी. अशात ढोलक, बासरी, सरळ मुखडा आणि प्रेमाचे साधे शब्द घेऊन ही जोडी आली. लोकांना पुन्हा गाता यायला लागलं. कुमार सानूंना सलग पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं आणि त्यातली पहिली तीन नदीम-श्रवण यांच्याच गाण्यांसाठी.

एकसारखेपणाची तुझी तक्रार मात्र मला पटते, वर 'आशिकी'बद्दल मीही तेच लिहिलंय आणि तीही याच जोडीची. म्हणून बाबांना सांग, पुढच्या वेळी १९९१ चा 'साजन' पूर्ण लाव. त्याच जोडीचा आहे, पण त्यात बालसुब्रह्मण्यम आहेत, पंकज उधास आहेत, अलका याज्ञिक आहेत. आवाज बदलला की तीच शैली किती निराळी लागते, हे तुझं तुलाच कळेल. आणि मग '१९४२ : अ लव्ह स्टोरी' लाव. कुमार सानू तेच, संगीत राहुल देव बर्मन यांचं, म्हणजे पंचमदांचं. ४ जानेवारी १९९४ ला पंचमदा गेले आणि चित्रपट त्यानंतर जुलैत आला. स्वतःच्या गाण्यांचं ते यश त्यांनी पाहिलंच नाही. ज्या आवाजाला तू कंटाळलीस, तोच आवाज तिथे मुखड्यात एकामागून एक उपमा नुसत्या मोजत जातो आणि ऐकणारा जागचा हलत नाही. 'रंगीला'च्या आधी मी याच अल्बमला पहिला नंबर देणार होते. दिला नाही, कारण त्यात एक चाल दोन आवाजांत दोनदा येते आणि गाणी अगदी थोडी. पण रात्री एकटीनं ऐकायला मला आजही हाच हवा असतो.

दर वेळी हिंदीचीच चर्चा. नव्वदच्या दशकात मराठी माणूस काय ऐकत होता? मराठीत हिट अल्बम नव्हतेच का?
*– एक वाचक, पंचवटी*

होते, आणि तुमच्या पंचवटीत तर सर्वांत जास्त होते. हिट गाण्यांची यादी करणारे लोक कॉलेज रोडवरून बघतात. गोदाघाटावर, काळाराम मंदिराच्या वाटेवर, त्र्यंबकच्या गाड्या सुटत तिथे कुठली कॅसेट विकली जात होती, हे त्यांनी पाहिलेलंच नाही. तिथे प्रल्हाद शिंदे आणि अजित कडकडे यांच्यापुढे मुंबईचा कुठलाच हिरो टिकत नव्हता. वणीच्या चैत्रोत्सवाआधी देवीची गाणी, त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा आली की अभंग आणि हरिपाठ. १४ एप्रिल जवळ आला की भीमगीतांसाठी दीर वेगळं टेबल मांडायचे आणि ऑक्टोबरात येवल्याच्या कार्यक्रमाआधी ते टेबल पुन्हा बाहेर निघायचं. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या दिवसासाठी जाणारी माणसं आदल्या संध्याकाळी आमच्याकडून कॅसेट घेऊन टेम्पोत बसायची. या कॅसेट वर्षानुवर्षं खपत राहिल्या. दुसऱ्यांदा मागायला येण्याचं माझं माप इथे लावलं, तर हिंदीतलं काहीही यांच्या जवळपास येत नाही. मासिकांच्या याद्यांत त्या कधीच दिसल्या नाहीत याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं, आजही वाटतं.

चित्रपटांतला हिट म्हणाल तर 'माहेरची साडी', १९९१. त्यावर फार लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. बायका रडत रडत सिनेमाहून यायच्या आणि कॅसेट घेऊन जायच्या.

माझ्या मनातला त्या दशकातला मराठी अल्बम मात्र 'एक होता विदूषक', १९९२. हिट म्हणता येत नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नात तो बसत नाही, पण त्याला वगळून पुढे जाणं मला जमणार नाही. जब्बार पटेलांचा चित्रपट, लेखन पु. ल. देशपांड्यांचं, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. त्यात लावणी आहे, गौळण आहे, बापानं लेकीसाठी म्हणायचं गाणं आहे आणि पावसाला पाहुणा म्हणणारं आशाबाईंचं गाणं आहे. महानोरांचं शेत त्या शब्दांत आहे. आम्ही नाशिककर सिन्नर-निफाडच्या बाजूला पाऊस कसा रेंगाळतो ते ओळखतो, म्हणून असेल, पण मला ते गाणं ऐकताना आभाळ खाली आल्यासारखं वाटतं. ही कॅसेट फार कमी विकली गेली. ज्यांनी नेली त्यांनी ती उसनी कुणाला दिली नाही.

दशक संपता संपता 'गारवा' आला. मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, सौमित्र यांच्या कविता. सिनेमाचा आधार नाही, पडद्यावर नाचणारं कुणी नाही. दोन गाण्यांच्या मध्ये कवी स्वतः बोलतो आणि त्यामुळे ऐकणारा फॉरवर्डचं बटण दाबत नाही, पुढचं गाणं कुठून येणार हे त्याला ऐकायचं असतं. मुलंमुली एकमेकांना भेट द्यायला ही कॅसेट न्यायची आणि कव्हरच्या आत काहीतरी लिहायला आमच्याकडेच पेन मागायची.

'मेड इन इंडिया' किंवा 'कलोनियल कझिन्स' यांना या स्पर्धेत धरायचं का? ते सिनेमाचे नाहीत.
*– एक वाचक, देवळाली कॅम्प*

धरायचंच. अलिशा चिनॉयचा अल्बम १९९५ चा, हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचा १९९६ चा. पहिला टीव्हीमुळे गाजला आणि त्यातलं एकच गाणं लोक मागायचे. दुसरा मी स्वतः घरी ठेवला आहे, आमच्या साहित्य संघातल्या जुन्या श्रोत्यांनाही तो ऐकवला. शास्त्रीय आलाप आणि गिटार शेजारी बसूनही कुणी कुणाला ढकलत नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

वडिलांच्या कपाटात कॅसेटचं खोकं सापडलं. काही कंपनीच्या, बऱ्याच दुकानातून भरून घेतलेल्या, काहींवर नुसतं 'घरचे' असं लिहिलंय. टेपवर पांढरे ठिपके आहेत, एक-दोन लावून बघितल्या तर आवाज दबलेला. कॉम्प्युटरवर घेता येतील का?
*– एक वाचक, सिन्नर*

येतील, पण ठिपकेवाल्या कॅसेट आता लावू नका. ती बुरशी आहे. ती टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे टेप जिथे घासत वाचली जाते त्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. त्या बाजूला काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

उरलेल्यांचं आधी मागच्या कडेला बघा. दोन छोटे चौकोनी तुकडे तोडलेले नसतील तर तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. मग खालच्या उघड्या बाजूला, मधोमध, तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा एक बारीक तुकडा दिसतो का पाहा. जुना गोंद सुकला की तो गळून पडतो, टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून सगळी टेप दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात घालता येते. तुकडा जागेवर असूनही आवाज दबलेला असेल, तर हेड मळलेलं असणार. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. लावण्याआधी कॅसेट एकदा शेवटापर्यंत पुढे आणि मग मागे न्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकाला, द्या. मोबाइल समोर धरून रेकॉर्ड करू नका, पंख्याचा आवाजही येतो. फाइल वेव्ह प्रकारात ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. साठ मिनिटांच्या कॅसेटला पूर्ण तास लागतो, त्यात घाई करता येत नाही.

क्रम मात्र माझं ऐकून ठरवा. कंपनीच्या कॅसेट सर्वांत शेवटी, ती गाणी दुसरीकडे मिळतील. त्याआधी दुकानातून भरून घेतलेल्या. आमच्याकडे लोक गाण्यांची यादी लिहून आणायचे आणि त्यावर दोन-दोन वेळा खाडाखोड केलेली असायची. तुमच्या वडिलांनी कुठल्या गाण्यामागे कुठलं घ्यायला सांगितलं, ते फक्त त्याच कॅसेटवर आहे, म्हणून गाणी सुटी न करता बाजू सलग घ्या. आणि सगळ्यांच्या आधी 'घरचे' लिहिलेल्या घ्या. नव्वदच्या दशकात घरोघरी कोऱ्या कॅसेटवर आजीच्या ओव्या, बारशाचे पाळणे, लेकरांचं बोबडं बोलणं भरून ठेवायचे. आवाज कुणाचा आहे हे ओळखणारी आत्या किंवा काका असतील, तर रेकॉर्ड करताना त्यांना शेजारी बसवा आणि नावं लगेच लिहून घ्या.