विहिरीच्या मोटरीला जनरेटर घेताय? आधी स्टार्टर बघा

भाऊ, 5 एचपीची मोटर म्हणजे 3.7 किलोवॅट, मग 5 केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता) जनरेटर सेट पुरेल, हा हिशेब आधी डोक्यातून काढा. डीओएल स्टार्टरवर, म्हणजे मोटरीला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या साध्या स्टार्टरवर, मोटर सुरू होताना नेहमीच्या सहा-सातपट करंट ओढते. मीही आधी लहानच सेट आणला होता. हिरवं बटण दाबलं की इंजिन गुदमरायचं, बल्ब मंद व्हायचा आणि स्टार्टर खटखट करून पडायचा. तेही ऐन गव्हाच्या पाळीला! डीओएल असेल तर 15 केव्हीए धरा. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी कमी व्होल्टेजवर फिरवून मग पूर्ण व्होल्टेज देतो; त्यावर सुरुवातीचा करंट साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो, मग 10 केव्हीएत भागतं. पण त्यासाठी मोटरीतून सहा वायरी बाहेर आलेल्या हव्यात; तीनच असतील तर तो नाद सोडा.

जोडल्यावर पाणी कमी पडलं तर मोटर उलटी फिरत असेल. सेट बंद करून दोन फेज अदलाबदल करा.

चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच) मात्र सेट जोडू नका, हात जोडून सांगतो. तुमची वीज लाइनवर उलटी गेली तर खांबावरचा वायरमन जिवाला मुकतो. आणि सेट कधीही विहिरीत किंवा बंद खोलीत चालवू नका, धुरानं माणूस दगावतो.