आधी कॉलेजं मोज, मग मार्क

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

एमकॅटला, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल प्रवेश परीक्षेला, 513 आणि पदवीच्या मार्कांची सरासरी, जीपीए, 3.8 म्हणजे मार्कांत तू कुठे कमी नाहीस. अमेरिकेत एमडीला (आपल्या एमबीबीएससारखी तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) लागलेल्या मुलांची सरासरी याच्याच आसपास असते. पण "सर, मग निम्म्याहून जास्त चान्स ना?" हे तू मार्कांनुसार प्रवेशाच्या ज्या तक्त्यावरून काढलंस, त्यात बहुतेक सगळे तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाले. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या, नाशिकच्या पोराचा हिशेब त्यात बसत नाही.

एमडी देणारी दीडशेहून जास्त कॉलेजं तिथे आहेत. त्यांतली बहुसंख्य परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज विचारातच घेत नाहीत, मग मार्क कितीही असोत. सरकारी कॉलेजं तर आपल्या राज्यातल्या मुलांना आधी घेतात, आपल्याकडच्या 85 टक्के राज्य कोट्याचाच भाऊबंद. म्हणून एमएसएआर, म्हणजे तिथल्या मेडिकल कॉलेजांची ऑनलाइन माहिती-यादी, विकत घे आणि एकेका कॉलेजचं पान बघ. परदेशी अर्ज चालतो का, एवढ्यावर थांबू नकोस. किती जणांनी केले, किती मुलाखतीला बोलावले, किती प्रत्यक्ष बसले, हे तिन्ही आकडे लिहून घे. 'चालतो' म्हणून वर्षानुवर्षं कोणालाच न घेणारी कॉलेजं असतात. त्यात कॅनडाच्या नागरिकांना काही ठिकाणी इतर परदेशी मुलांपेक्षा वेगळे धरतात, त्यांचे आकडे वजा कर. खुद्द कॅनडातली बहुतेक कॉलेजं परदेशी मुलं घेत नाहीत. आपल्यापुरता कॅनडा म्हणजे नाशकातला कॅनडा कॉर्नर.

पैशाचं मात्र घरात सगळ्यांनी बसून बोला. तिथल्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज तुला मिळणार नाही, अर्जाच्या फीमधली सवलतही नाही. राहण्याखाण्यासकट वर्षाला लाख डॉलरच्या घरात खर्च जातो. काही कॉलेजं एका वर्षाचे, काही चक्क चारही वर्षांचे पैसे आधी दाखवायला किंवा वेगळ्या खात्यात भरायला लावतात. मखमलाबादची द्राक्षबाग गहाण टाकायची वेळ येणार असेल, तर बाबांना ते अर्ज भरण्याआधी कळू दे. ऑफर हातात आल्यावर कुठला बाप नाही म्हणतो?

आणखी एक. सुट्टीत ओळखीच्या हॉस्पिटलात टाके घालायला मिळाले, हे तू अर्जाच्या निबंधात मोठ्या हौसेने लिहिलं आहेस. काढून टाक. शिक्षण नसताना पेशंटला हात लावणं तिथे बेजबाबदारपणा समजतात, आणि माझ्या मते बरोबरच समजतात. त्याच वॉर्डात डायलिसिसला येणाऱ्या आजोबांशी तू रोज बोलायचास, ते लिही.

दुसरी वाट इथून जाते: नीट, एमबीबीएस, मग यूएसएमएलई, म्हणजे तिथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा, देऊन तिकडे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पदवीनंतरचं प्रशिक्षण. ती सोपी आहे असं नाही. 2024 च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकन एमडीच्या शेवटच्या वर्षातल्या 93 टक्क्यांहून जास्त मुलांना जागा मिळाली, बाहेर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांपैकी 58 टक्क्यांच्या आसपास. शिवाय तुला बारावीची पुस्तकं पुन्हा काढावी लागतील. तिथे पदवीची तीन वर्षं काढलीस, म्हणून एकदा अर्ज जरूर कर, पण एकदाच. पुढच्या वर्षी काय करायचं, ते आत्ताच ठरव.

यादी झाली की रविवारी साडेदहाला घरी ये, बाबांना घेऊन. बँकेचे कागद आणायला सांग.

तुझे
सर